तारापूरची किल्ली कोणाच्या खिशात?



डॉलर, नाणेनिधी, जागतिक बँक, खाउजा हे शब्द आता आपल्या घरात नवे राहिलेले नाहीत. सभेत कानावर पडतात, पोरे कॉलेजातून ऐकून येतात. तरी आपल्या आया-बहिणी म्हणतात, हे मोठ्यांचे कारभार, आपल्याला त्याचे काय? सकाळी विरारहून डहाणूची गाडी पकडून बोईसरला उतरणारा आणि पुढे रिक्षात दाटीवाटीने बसून एमआयडीसी गाठणारा आपला कामगार बांधवही असेच म्हणतो. त्याला वेळ कोठे आहे? म्हणून या विषयासाठी आपण वॉशिंग्टनला जायला नको. बोईसर स्टेशनावरून पश्चिमेला, समुद्राच्या बाजूला दहा-बारा किलोमीटर गेलो तरी पुरे. जगाच्या पैशाची सत्ता गरीब देशावर कशी चालते, याचा धडा तेथे सिमेंट-काँक्रीटमध्ये उभा आहे. त्याचे नाव तारापूर अणुवीज केंद्र.

हे भारतातले पहिले अणुवीज केंद्र. तेव्हा पालघर जिल्हा नव्हता, हा सगळा भाग ठाणे जिल्ह्यात होता. ८ ऑगस्ट १९६३ रोजी भारत आणि अमेरिका यांच्यात करार झाला. १९६४ साली जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीला काम मिळाले आणि बांधकाम बेक्टेल या दुसऱ्या अमेरिकन कंपनीने केले. २८ ऑक्टोबर १९६९ पासून दोन अणुभट्ट्यांची वीज रीतसर सुरू झाली. यासाठी अमेरिकन सरकारने सुमारे ८ कोटी डॉलरचे कर्ज दिले. व्याज किती? दरसाल दरशेकडा पाऊण टक्का, आणि फेड चाळीस वर्षांत! आपल्या बचत गटात शेकडा दोन रुपये महिना म्हणजे वर्षाला चोवीस टक्के होतात. त्या हिशेबाने हे कर्ज म्हणजे जवळजवळ दानच म्हणायचे.

पण सावकाराचा कागद वाचताना व्याजाचा आकडा पाहून भागत नाही, खालच्या अटी वाचाव्या लागतात. या भट्ट्या समृद्ध युरेनियमवर चालणाऱ्या होत्या. समृद्ध युरेनियम म्हणजे खाणीतून निघते तसे नव्हे, तर मोठ्या यंत्रणेतून कस वाढवलेले युरेनियम. ते तयार करण्याची सोय तेव्हा भारताकडे नव्हती. करार तीस वर्षांचा होता. तीस वर्षे अमेरिका इंधन देणार आणि भारताने या केंद्रात अमेरिकेने दिलेलेच इंधन वापरायचे, अशी त्यात अट होती. म्हणजे चूल त्यांची, ती बसवण्यासाठी उसने पैसे त्यांचे, आणि त्या चुलीत सरपणही त्यांच्याच वखारीतले. दुसरे चालणार नाही. करार करणारे आपले शास्त्रज्ञ अडाणी नव्हते. देशाला वीज लवकर हवी होती, पैसे नव्हते, आणि तयार केंद्र मिळत होते. गरजवंताला अक्कल नसते असे आपण म्हणतो, पण ते खरे नाही. गरजवंताला अक्कल असते, निवड नसते.

१८ मे १९७४ रोजी भारताने पोखरणला पहिला अणुस्फोट केला. त्यासाठी लागलेले प्लुटोनियम तारापूरचे नव्हते, ते ट्रॉम्बेच्या भट्टीतले होते. ती भट्टी कॅनडाच्या मदतीची होती आणि तिच्यातले जड पाणी अमेरिकेचे होते. शांततेच्या कामासाठी दिलेले साहित्य भारताने स्फोटासाठी वापरले, ही अमेरिकेची तक्रार होती. ती सर्वस्वी खोटी होती असे म्हणता येणार नाही. पण शिक्षा मिळाली ती तारापूरला. १९७८ साली अमेरिकेने आपल्या देशात नवा कायदा केला आणि १९६३ च्या कराराला तो मागाहून लावला. ज्या देशाने आपली सगळी अणुकेंद्रे तपासणीला उघडी केली नाहीत, त्याला इंधन नाही. केलेल्या कराराचा शब्द मोठा की सावकाराच्या घरातला नवा नियम मोठा, याचा निकाल सावकाराच्याच घरी लागला. नाक दाबले की तोंड उघडते, एवढाच त्याचा अर्थ.

१९८० साल पाहा. तारापूरसाठी सुमारे ३८ टन इंधनाची मागणी अडकून पडली होती. मे महिन्यात अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने एकमताने नकार दिला. जूनमध्ये अध्यक्ष कार्टर यांनी आपल्या अधिकारात ती पाठवणी मंजूर केली. मग तेथल्या प्रतिनिधिगृहाने मोठ्या बहुमताने विरोध केला. शेवटी २४ सप्टेंबर १९८० रोजी सिनेटमध्ये मतदान झाले आणि विरोधाचा ठराव ४८ विरुद्ध ४६ मतांनी पडला. दोन मते! बोईसरच्या पश्चिमेला भट्टी पेटती राहणार की नाही, हे सातासमुद्रापलीकडच्या दोन मतांनी ठरले. त्या सभागृहात पालघरचा, ठाण्याचा, दिल्लीचा मतदार कोठेच नव्हता. आपण येथे ‘एक माणूस, एक मत’ म्हणून अभिमान बाळगतो आणि तो बाळगायलाच हवा. पण जगाच्या बाजारात मत डॉलरला असते. नाणेनिधी आणि जागतिक बँकेत तर हे उघड नियमानेच चालते. ज्याचे भांडवल जास्त, त्याची मते जास्त.

पुढे १९८२ साली तडजोड झाली आणि अमेरिकेऐवजी फ्रान्सने इंधन द्यायचे ठरले. १९९३ मध्ये तीस वर्षांचा करार संपला तेव्हा फ्रान्सनेही हात आखडला. मग १९९५ साली चीनकडून इंधन आले आणि त्यानंतर २००१ व २००६ मध्ये रशियाकडून. मधल्या काळात आपल्या शास्त्रज्ञांनी प्लुटोनियम मिसळलेले इंधन स्वतः बनवून थोड्या प्रमाणात याच भट्ट्यांत वापरून दाखवले, हे आवर्जून सांगितले पाहिजे. आणि जळून गेलेल्या इंधनाचे काय? त्यावर पुढची प्रक्रिया करायला अमेरिका संमती देईना आणि ते परतही नेईना. किरणोत्सारी राख तारापूरच्या पाण्याच्या टाक्यांतच साठत राहिली. माल विकणारा गेला, उकिरडा आपल्या दारात राहिला.

ही किल्लीची गोष्ट झाली. आता त्या पाऊण टक्का व्याजाच्या कर्जाकडे परत येऊ, कारण खरा चटका तेथे आहे.

कर्ज डॉलरमध्ये होते. करार झाला तेव्हा एक डॉलर म्हणजे ४ रुपये ७६ पैसे. म्हणजे ८ कोटी डॉलरचे साधारण ३८ कोटी रुपये. मग १९६५ चे युद्ध झाले, लागोपाठ दोन दुष्काळ पडले. अमेरिकन गव्हाच्या बोटींवर देशाचे पोट आले आणि अध्यक्ष जॉन्सन त्या बोटी महिन्या-महिन्याचा हिशेब बघून सोडू लागले. जुन्या माणसांना रेशनवरची लाल मिलो अजून आठवत असेल. त्या अडचणीत जागतिक बँकेने आणि अमेरिकेने सांगितले, रुपयाची किंमत उतरवा म्हणजे मदत मिळेल. ६ जून १९६६ रोजी ती ३६.५ टक्क्यांनी उतरवली. डॉलर साडेसात रुपयांचा झाला. बोलली गेलेली मदत पुढे बोलल्याप्रमाणे आली नाही, ते वेगळेच. पण तारापूरच्या कर्जाचा हिशेब मांडून पाहा. डॉलर तेच, ८ कोटी. रुपये मात्र ३८ कोटींचे ६० कोटी! केंद्र अजून अर्धवट बांधलेले होते, विजेचा एक दिवा लागला नव्हता, आणि रुपयांतला बोजा बावीस कोटींनी वाढला. पाऊण टक्का व्याजाचे कौतुक करणाऱ्याने हा आकडा शेजारी लिहून ठेवावा.

हा खेळ बाबासाहेबांनी फार आधी ओळखला होता. आपण बाबासाहेबांना घटनेचे शिल्पकार म्हणून वंदन करतो, धम्मदीक्षेसाठी वंदन करतो. पण ते मुळात अर्थशास्त्रज्ञ होते, हे आपल्याच पोरांना नीट सांगितले जात नाही. लंडनच्या विद्यापीठाच्या डॉक्टरेटसाठी लिहिलेला त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ १९२३ साली प्रसिद्ध झाला. त्यात एकोणिसाव्या शतकाचा हिशेब आहे. १८७३ पूर्वी एक रुपया साधारण २४ पेन्सचा होता. चांदी घसरली आणि १८९२ पर्यंत तो १५ पेन्सच्या घरात आला. भारत सरकारला तर दरवर्षी इंग्लंडात पौंडांत पैसे मोजावे लागत, गोऱ्या अधिकाऱ्यांची पेन्शने, कर्जाचे व्याज, रेल्वे कंपन्यांचा नफा. पौंड तेवढेच, रुपये मात्र वाढत चालले. ते आणायचे कोठून? कर वाढवून. १८८८ साली मिठावरचा कर मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपये झाला. मीठ म्हणजे ज्याच्या भाकरीला दुसरे काही लावायला नाही, त्याची चीज. लंडनच्या बाजारात चांदी घसरली आणि मिठागराशेजारी राहणाऱ्या माणसाचे मीठ महागले.

पण बाबासाहेब एवढ्यावर थांबले नाहीत, आणि येथेच ते इतरांहून वेगळे पडतात. त्या काळी व्यापारी आणि गिरणीमालक म्हणत, रुपया स्वस्त होऊ द्या, त्यात देशाचा फायदा आहे, परदेशात माल खपतो. बाबासाहेबांनी विचारले, फायदा कोणाचा? परदेशात विकणाऱ्याला जास्त रुपये मिळतात हे खरे. पण देशातल्या वस्तूंचे भाव चढतात आणि मजुरी मात्र त्या वेगाने चढत नाही. मग मालकाच्या हाती जे जास्त उरले ते आभाळातून पडले नाही, मजुराच्या ताटातून गेले. म्हणजे देशाचा लाभ झाला नाही, देशातल्या एका वर्गाने दुसऱ्या वर्गाकडून काढून घेतले. १९२५ साली रॉयल कमिशनपुढे साक्ष देतानाही चलनाचा विचार करताना मजुरी करणाऱ्याचे काय होते, ही बाजू त्यांनी मांडली. ‘देश’ हा शब्द कोणी उच्चारला की त्या देशात वरचा कोण आणि खालचा कोण हे विचारायचे, ही नजर त्यांना पुस्तकाने दिली नव्हती. ती त्यांच्या जन्माने आणि सोसण्याने दिली होती. पुस्तकाने पुरावा दिला.

आता १९९१ सालावर हा विचार लावून पाहू. परकीय चलनाची तिजोरी रिकामी झाली होती. जुलै महिन्यात रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने मुंबईहून विमानाने परदेशी गेले आणि बँक ऑफ इंग्लंड व बँक ऑफ जपान यांच्याकडे गहाण पडून सुमारे ४० कोटी डॉलर मिळाले. बायकोच्या अंगावरचा डाग सोनाराकडे ठेवताना घरात जी शांतता असते, ती त्या दिवसांत देशात होती. त्याच महिन्याच्या १ आणि ३ तारखेला रुपया दोन हप्त्यांत उतरवला. एक डॉलर सुमारे २१ रुपयांवरून सुमारे २६ रुपयांवर गेला. नाणेनिधीचे कर्ज आले आणि त्याच्या मागून खाउजा आले: खासगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरण.

समजा, एखाद्या रंगाच्या कारखान्याने हजार डॉलरचा माल परदेशी पाठवला. जूनमध्ये त्याचे एकवीस हजार आले असते, जुलैत सव्वीस हजार आले. त्याच कारखान्यात काम करणाऱ्याचा पगाराचा करार तीन वर्षांचा. तो जूनमध्ये जेवढा होता तेवढाच जुलैत. इकडे तेल महाग, भाडे महाग, रॉकेल महाग. अर्थात कच्चा माल बाहेरून आणणाऱ्या कारखानदारालाही झळ बसते, त्याची बाजू लपवायचे कारण नाही. पण तो आपला खर्च मालाच्या किमतीत टाकू शकतो. कामगार आपला खर्च कोणाच्या किमतीत टाकणार? त्यानंतर २०२२ साली डॉलरने ऐंशी रुपयांचा उंबरठा गाठला. आपल्या देशात लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून जास्त बाहेरून येते, पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून. म्हणजे रुपया घसरला की तो थेट फोडणीत घसरतो. कायम कामगाराला निदान महागाई भत्ता असतो. कंत्राटी कामगाराच्या किमान वेतनातही महागाईशी जोडलेला विशेष भत्ता असतो आणि महाराष्ट्रात तो दर सहा महिन्यांनी बदलत आला आहे. तो आपल्या घरच्या माणसाच्या पगारपत्रकात आला की नाही, हे बहिणींनी एकदा काढून बघावे. पुष्कळ ठिकाणी पगारपत्रकच हातात मिळत नाही. मग आधी ते मागावे.

तारापूरची गोष्ट येथे संपत नाही. परक्या किल्लीचा अनुभव घेऊन भारताने त्याच आवारात तिसरी आणि चौथी भट्टी स्वतःच्या आराखड्याची बांधली. प्रत्येकी ५४० मेगावॅट, साधे युरेनियम आणि जड पाणी वापरणाऱ्या. चौथी सप्टेंबर २००५ मध्ये आणि तिसरी ऑगस्ट २००६ मध्ये रीतसर चालू झाली. अमेरिकेच्या सिनेटला न विचारता वीज निघाली, याचा आनंद आपणही मानला पाहिजे. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना १९४३ साली विजेच्या धोरणाचा पाया घालत होते. वीज स्वस्त आणि मुबलक असावी, त्याशिवाय उद्योग वाढणार नाहीत आणि दारिद्र्य हटणार नाही, असे त्यांचे मत होते. आपण विजेच्या विरोधात नाही.

पण या स्वावलंबी भट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावे उठली. शेतकऱ्यांची आणि मच्छीमारांची गावे. ज्याचे पोट समुद्रावर, त्याला समुद्रकाठचे घर सोडावे लागले. घरे कशी दिली, नोकऱ्या किती दिल्या, यावरून भांडण उच्च न्यायालयापर्यंत गेले. आणि देशी युरेनियम कोठून येते? झारखंडातल्या जादुगुडा भागातून, तेही आदिवासींच्या भूमीतून. अमेरिकेने नाडले तेव्हा ‘देश’ नाडला गेला असे आपण म्हणालो. देश सुटला तेव्हा मात्र सुटकेची किंमत कोळ्याने, शेतकऱ्याने आणि आदिवासीने भरली. बाबासाहेबांचा १९२३ चा प्रश्न पुन्हा तोच.

एमआयडीसीकडे वळलो तरी तेच. रंग, रसायने, औषधांचा कच्चा माल ही कामे घाण करणारी. श्रीमंत देशांनी स्वतःच्या नद्या सांभाळायचे नियम कडक केले तसे हे उत्पादन मोठ्या प्रमाणावर आपल्यासारख्या देशांकडे सरकले. कापड तिकडच्या अंगावर, रंगाचे पाणी आपल्या खाडीत. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने याविरुद्ध हरित लवादाकडे दाद मागितली आणि जानेवारी २०२२ मध्ये लवादाने तारापूरच्या शंभराहून अधिक कारखान्यांना नुकसानभरपाई भरण्याचा आदेश दिला. मासेमारी करणाऱ्या एका समाजाने संघटित होऊन वर्षानुवर्षे कागद धरून ठेवला, हे आपल्या संघटनांनी नोंदवून घेण्यासारखे आहे.

आता सर्वांत ताजी गोष्ट. भोपाळ आपण विसरलेलो नाही. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून वायू सुटला, हजारो माणसे मेली आणि १९८९ साली ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. त्या अनुभवातून २०१० च्या अणुदायित्व कायद्यात एक कलम आले. यंत्रातल्या दोषामुळे अपघात झाला तर केंद्र चालवणाऱ्याला यंत्र पुरवणाऱ्याकडून वसुली करता यावी. परदेशी कंपन्यांना ते नको होते. पंधरा वर्षे त्या कलमासाठी त्यांनी व्यापार अडवून धरला. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने नवा अणुकायदा मंजूर केला. त्यात ते कलम राहिले नाही आणि अणुवीज क्षेत्राचे दार खासगी कंपन्यांनाही उघडले. तीस वर्षे इंधनाने जे करता आले, ते या वेळी केवळ थांबून करता आले.

आपल्या समाजाला यात आणखी एक पदर आहे. सरकारी अणुवीज महामंडळात नोकरभरती झाली तर राखीव जागांचा रोस्टर असतो. आपली काही मुले त्या वाटेने शिकून, परीक्षा देऊन क्वार्टर्समध्ये राहायला गेली. कंत्राटदाराकडे रोस्टर नाही, खासगी कंपनीकडेही नाही. मूलभूत उद्योग सरकारच्या मालकीचे असावेत असे बाबासाहेबांनी १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ मध्ये लिहिले होते. घटनेत ते आले नाही. जे काही सार्वजनिक क्षेत्र म्हणून उभे राहिले, त्याच्याही भिंतीची एकेक वीट आता निघते आहे.

रुपयावरचा ग्रंथ महाराष्ट्र शासनाने काढलेल्या बाबासाहेबांच्या समग्र वाङ्मयाच्या सहाव्या खंडात आहे. खंड इंग्रजीत आहे आणि वाचायला कठीण आहे, हे खरे. पण कॉलेजात वाणिज्य शिकणारा एखादा मुलगा किंवा मुलगी प्रत्येक वस्तीत असतेच. रविवारी वंदनेनंतर त्यांच्याकडून पाच-पाच पाने समजावून घ्यायला काही हरकत नाही. ज्येष्ठांनी मिलोची आठवण सांगावी, पोरांनी डॉलरचा हिशेब सांगावा.

पुढील अंकी वाढवण. १९९८ साली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने नाकारलेले बंदर ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणीपर्यंत कसे आले, आणि त्यात कोणाचे भांडवल व कोणाची जाळी, ते पाहू.

जयभीम.